आपेगावची वाट

माघात नातवाला घेऊन आपेगावला गेलो. आमच्या वडीगोद्रीहून गोदाकाठाने वर, पैठणच्या अलीकडे हे गाव. माऊलींच्या मंदिरात दर्शन घेतले, त्यांचे पणजोबा त्र्यंबकपंत यांच्या समाधीपुढे डोके टेकले, नदीवर हातपाय धुतले. "सातशे वर्षांहून जुनं गाव आहे हे," असे नातवाला दोनतीनदा तरी सांगितले. जुन्या गावाचा अभिमान वाटतोच माणसाला.

नातू म्हणाला, "आजोबा, मग त्यांना लोकांनी वाळीत का टाकलं?"

विठ्ठलपंत गुरूंच्या आज्ञेने संन्यासातून संसारात परतले, म्हणून वाळीत पडले. पुढे पोरकी झालेली चार भावंडे शुद्धिपत्रासाठी पैठणला आली. ही कथा आपण कितीदा कीर्तनात ऐकली! रेडा वेद बोलला की टाळी वाजवतो आणि पुढे जातो. पण त्याआधी जी दारे बंद झाली, ती लावणारे काही दुष्ट नव्हते. नेमधर्म पाळणारी, शिकलेली माणसे होती. मनातून हळहळणारे आणि तरी गप्प राहिलेले शेजारीही असतीलच. देवळाचे दगड तेवढे आपले आणि ते गप्प बसणे दुसऱ्या कोणाचे, अशी वाटणी कशी करायची?

खरे तर हे बोलायला मला तोंड नाही. २०२४ साली आमच्या वडीगोद्रीत आणि शेजारच्या अंतरवाली सराटीत आरक्षणासाठी उपोषणे झाली. कोणाची मागणी किती रास्त, हा या लेखाचा विषय नव्हे. पण त्याच दिवसांत आमच्या दिंडीतल्या विणेकऱ्याकडून नातीच्या बारशाचे बोलावणे आले. वीस वर्षे सोबत चाललेला माणूस, जात दुसरी. मी गेलो नाही. भांडण काहीच नव्हते. लोक काय म्हणतील, एवढेच. त्यानंतर तो माझ्या ओट्यावर आला नाही.

आषाढीच्या वारीत कोथळीहून निघालेली मुक्ताईंची पालखी जालना, अंबड करत आमच्या गावी येते. पंगतीत तो भाकरी वाढतो, मी आमटी. ताटी लावून बसलेल्या भावाला जिने दार उघडायला लावले, तिच्याच वारकऱ्यांना आम्ही एकमेकांकडे न बघता जेवू घालतो.

नातवाला मी आपेगावात म्हणालो होतो, "तेव्हाचे लोकच तसे होते, बाळा." एसटीत तो झोपला; मला काही डोळा लागेना.

वडीगोद्रीला उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. घराकडे न जाता नातवाचे बोट धरून विणेकऱ्याच्या गल्लीला वळलो. दार लोटलेले होते. कडी वाजवली.