दान कोणाच्या सोयीने?



धम्मदीक्षा घेतलेल्या घरात सर्वप्रथम बदलते ती भिंत. जुन्या तसबिरी उतरतात आणि भगवान बुद्ध व बाबासाहेब यांच्या प्रतिमा लागतात. मग हळूहळू शब्द बदलतात. पण एक शब्द जुन्या घरातही होता आणि नव्या घरातही आहे. तो म्हणजे दान. ग्रहणाच्या वेळी 'दे दान सुटे गिराण' असे ओरडत दारोदार फिरणारी माणसे कोण होती, हे तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारा. ज्यांच्या पूर्वजांनी असले दान पदरात घेतले, त्यांना या शब्दाचा राग आला तर त्यात नवल काय? आता तुमच्या घरात पगार येतो, विहाराच्या दानपेटीत तुम्ही नोट टाकता. तेव्हा प्रश्न असा की, आपल्या हातून होणारे दान त्या जुन्या दानाहून वेगळे कशाने ठरते?

हा प्रश्न हवेत सोडवता येत नाही. म्हणून ऊसतोड कामगारांच्या मुलांकडे पाहा. बीड जिल्ह्यातून आणि मराठवाड्याच्या इतर दुष्काळी भागांतून दरवर्षी लाखो माणसे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे या जिल्ह्यांत आणि थेट कर्नाटकात ऊस तोडायला जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे 'एक कोयता' म्हणतात. माणसाचे नावच हत्याराचे! मुकादम पावसाळ्यातच उचल देतो, ती लग्नात, आजारपणात, जुन्या देण्यात संपते आणि मग दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रक भरतात. परत येणे मार्च-एप्रिलमध्ये. शाळा जूनमध्ये सुरू होते, म्हणजे मुलाला पहिले सत्र मिळते आणि दुसरे सत्र उसाच्या फडात जाते. पोरगा वाढे गोळा करतो, पोरगी कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळते. खाडा झाला तर पैसे कापले जातात, म्हणून आई तान्ह्या मुलासाठी घरी थांबू शकत नाही. मोठ्या बहिणीची शाळा सुटते ती येथे.

आता आपले दान पाहा. १४ एप्रिलला जयंती असते. मिरवणुकीच्या आधी शाळेत वह्या-पेन्सिली वाटल्या जातात, मुलांना रांगेत उभे करून फोटो काढले जातात. वही वाईट नाही. परंतु त्या दिवशी फडावरून नुकत्याच परतलेल्या मुलाच्या हातात ती पडते, तेव्हा त्याचे वर्ष बुडून गेलेले असते. त्याला कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत गावात दोन वेळची भाकरी आणि रात्री निजायला भरवशाचे घर हवे होते. आपण दिले ते आपल्या उत्सवाच्या सोयीने. अशा दानात देणाऱ्याची हौस फिटते, घेणाऱ्याची गरज तशीच राहते.

आळवी येथील कथा तुमच्यापैकी अनेकांनी वर्षावासात ऐकली असेल. एका गरीब शेतकऱ्याचा बैल हरवला. तो दिवसभर रानात हिंडला आणि उपाशीपोटी धर्मश्रवणाला आला. भगवंतांनी उपदेश थांबवून आधी त्याला जेवू घालण्यास सांगितले. भिक्षूंमध्ये कुजबूज झाली, पण उपाशी माणसाला धम्म समजणार नाही हे भगवंतांना ठाऊक होते. या कथेत करुणा आहे हे सर्वजण सांगतात. मला त्यातील प्रज्ञा अधिक मोठी वाटते. समोरच्याला आज, या क्षणी काय हवे हे त्यांनी ओळखले. प्रज्ञेवाचून करुणा म्हणजे चुकीच्या महिन्यातली वही.

कोणी म्हणेल, मदत घेणाऱ्याची मान खाली जाते. मग बाबासाहेबांचे उदाहरण घ्या. १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. त्या शिष्यवृत्तीमागे दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. देणारा आणि घेणारा दोघांनाही बंधन होते, म्हणून ती भीक नव्हती. पुढे बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. बाबासाहेबांनी निवाऱ्याला आणि जेवणाला शिक्षणातून कधी वगळले नाही. ज्या सोलापूर जिल्ह्यात ते वसतिगृह निघाले, तेथेच आज कारखान्यांच्या आवारात कोप्या पडतात.

दुसरा आक्षेप असा की, हे काम सरकारचे आहे. खरेच आहे! २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला लागू आहे. गावात राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. २०२१ साली राज्य शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे मंजूर केली. हक्काच्या जागी दान ठेवू नये, हे मला मान्य आहे. परंतु अशिक्षित आजीच्या वतीने मुख्याध्यापकाकडे जाऊन नाव कोण घालणार, ग्रामपंचायतीत कोण विचारणार? तुमच्या घरात शिकलेला तरुण असेल तर त्याचे चार दिवस हेही दानच आहे, आणि ते नोटेपेक्षा महाग आहे.

तिसरी गोष्ट जरा कडू आहे. यादी करताना कोणीतरी हमखास म्हणते, आधी आपली मुले. फडात बौद्ध आहेत तसे वंजारी, मराठा, बंजारा, मातंग, आदिवासीही आहेत. सर्वांच्या कोप्या एकाच रानात असतात. जातीची चाळणी लावून दान करणार असाल तर धम्म भिंतीवरच राहिला म्हणायचा. तसेच, मूल तुमच्या घरी जेवते म्हणून त्याच्या आईबापांकडून त्रिशरणाची अपेक्षा धरू नका. भाकरीच्या बदल्यात घेतलेले शरण हे शरण नव्हे. बाबासाहेबांनी येवल्याच्या घोषणेनंतर एकवीस वर्षे विचार करून दीक्षा घेतली. त्या कुटुंबालाही विचार करायला वेळ असू द्या.

१५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्याला देण्याचे सांगितले. त्यातला काही भाग या मुलांसाठी ठेवायचा असेल तर निर्णय वर्षावासातच घ्या. आश्विन पौर्णिमेनंतर ट्रक निघून गेलेले असतील. एका मुलाला सहा महिने किती ज्वारी, डाळ, तेल लागते, हे घरातील उपासिकेला विचारा, ती बोटांवर हिशेब करून सांगेल. मुलाला सांभाळणारी आजी किंवा मावशी गावात आहे का, तिला डोळ्यांनी दिसते का, पाणी कोण आणते, हेही पाहा. आणि मुलगी असेल तर तिच्या धाकट्या भावंडाचीही सोय विचारात घ्या. ते मागे राहिले नाही, तर तीही राहणार नाही.