भाररेषा

भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच सुटली की लोकांचे मोबाइल बाहेर येतात. मासेमारीच्या बोटी, टग, बार्ज, नांगर टाकून उभी असलेली मालवाहू जहाजं. नौदलाच्या गोदीकडे कॅमेरा वळवायचा नाही, एवढं पथ्य पाळलं तरी मुंबई बंदरात टिपण्याजोगं पुष्कळ उरतं. पण या फोटोंत जहाज असतं, माणूस क्वचितच असतो. त्या अवाढव्य लोखंडावर वीस-पंचवीस जण महिनोन् महिने राहतात, हे चित्र पाहून ध्यानातही येत नाही.

माणसं लांबून दिसत नसली, तरी जहाजाच्या अंगावर त्यांच्याविषयी बरंच काही लिहिलेलं असतं. मागच्या बाजूला नावाखाली नोंदणीचं बंदर असतं: पनामा, मोनरोव्हिया, माजुरो. मालक एका देशातला, झेंडा दुसऱ्या देशाचा आणि खलाशी तिसऱ्याच देशांतले. त्यांत आपल्या रत्नागिरी-रायगडची मुलंही असतात. पगार थकला, मालकाने हात वर केले, तर या गुंत्यात दाद मागायची कोणाकडे? ही असहायता 2020 साली उघड दिसली; कोरोनामुळे जगभरातले सुमारे चार लाख दर्यावर्दी करार संपूनही जहाजांवर अडकले होते. किनारा समोर दिसत होता, उतरण्याची परवानगी नव्हती.

जहाजाच्या कुशीवर आणखी एक खूण असते. एक वर्तुळ आणि त्याला छेदणारी आडवी रेघ. ही भाररेषा, याहून खोल बुडेल इतका माल जहाजात भरायचा नाही. एकोणिसाव्या शतकात विम्याच्या भरवशावर जहाजं बेसुमार लादली जात आणि खलाशी बुडून मरत. सॅम्युअल प्लिमसोल या ब्रिटिश खासदाराने त्याविरुद्ध संसदेत रान उठवलं, तेव्हा 1876 च्या कायद्याने ही खूण सक्तीची झाली. नफ्याने कुठे थांबायचं, हे त्या रेघेने ठरवून दिलं.

अशी एखादी रेघ फोटो काढणाऱ्यालाही हवी. 1875 साली सुरू झालेल्या ससून डॉकवर पहाटेपासून बायका कोळंबी सोलत बसलेल्या असतात. त्यांच्या थेट तोंडासमोर लेन्स धरून, एक शब्दही न बोलता निघून जाणारे अनेक असतात. ओल्या फरशीवर बसून केलेले कष्ट कोणाच्या तरी संग्रहातलं देखणं चित्र होतात. जिचे कष्ट, तिला ते दिसतही नाही. 2017 मध्ये याच डॉकच्या भिंतींवर कोळी समाजातल्या माणसांची मोठमोठी छायाचित्रं लावली होती. ज्यांचे चेहरे, त्यांच्याच दारात. हा व्यवहार मला न्यायाचा वाटतो.

फोटो जरूर काढावा. सौंदर्य टिपण्यात गैर काहीच नाही. पण आधी दोन शब्द बोलावेत, “काढू का?” म्हणून विचारावं आणि नकार आला तर मनापासून मानावा. होकार आला तर फोटो त्यांना दाखवावा, जमल्यास पाठवावा. दूरच्या जहाजाशी बोलता येत नाही. त्याचं नाव, झेंडा, भाररेषा तरी वाचावी. ज्यांच्या मेहनतीवर आपलं चित्र उभं राहतं, त्यांची दखल घेणं हा शिष्टाचार नव्हे, ते आपल्यावरचं देणं आहे.