दुसरं घर

घर भाड्याने दिलं की मालकाकडे भिंती राहतात. घर भाडेकरूचं होतं. एवढं ज्याला पटत नाही, त्याने पैसे बँकेत ठेवावेत.

मुंबई-पुण्यात फ्लॅटच्या किमतीवर वर्षाला शेकडा दोन-तीन रुपये भाडं सुटतं. मुदत ठेव याहून जास्त देते. तरी माणसं दुसरं घर घेतात, उद्या भाव वाढेल म्हणून. आशा जरूर ठेवावी, पण तिचा हप्ता भाडेकरूकडून वसूल करू नये.

1947च्या कायद्याने मुंबईतली भाडी गोठवली. भाडं वाढेना, म्हणून मालकांनी डागडुजी सोडली. गिरगाव-लालबागच्या चाळी टेकूंवर आल्या; 1969मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला. भाडेकरूला दिलेलं संरक्षण त्याच्याच छतातून गळू लागलं होतं.

भाडेकरू जागा सोडणारच नाही, ही त्या काळची धास्ती अजून गेलेली नाही. 1999च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याला दुप्पट भाडं भरावं लागतं. तरीही कितीतरी फ्लॅट कुलूपबंद आहेत. राहत्या घरापेक्षा बंद घर लवकर बिघडतं. नळांचे वायसर सुकतात, जाळीखालचं पाणी आटून गटाराचा वास वर येतो, चौकटींना वाळवी लागते.

करार नोंदवणं ही मालकाची जबाबदारी. नोंदवला नाही, तर अटींच्या वादात भाडेकरूचं म्हणणं आधी खरं धरलं जातं. मला हे न्याय्य वाटतं. ज्याच्या हाती किल्ली, त्यानेच कागद करावा.

भाडेकरूला आडनाव विचारतात, मांसाहार करता का विचारतात, लग्न झालंय का विचारतात. पगाराची स्लिप आणि आधीच्या घरमालकाशी एक फोन पुरेसा असतो. त्यापुढची चौकशी जातीची आणि धर्माची असते, हिशेबाची नव्हे.

भाड्यातून घरपट्टी वजा जाता उरलेल्या रकमेचे 30 टक्के आयकर खातं पावती न मागता सोडतं. ते पैसे वायरिंगवर आणि बाथरूमच्या गळतीवर लागले पाहिजेत. चांगला भाडेकरू भाडं वाढलं म्हणून लगेच जात नाही. प्लंबर पाठवा, प्लंबर पाठवा असं महिनोन् महिने सांगून थकला, की जातो.

आणि तो जाईल तेव्हा रंगरंगोटीच्या नावाखाली त्याचं डिपॉझिट अडकवू नका. किल्ली हातात आली, त्याच दिवशी परत करा. पुढच्या घराचं डिपॉझिट त्याला त्याच पैशांतून भरायचं असतं.