बोर्ड कुठं संपतो

1:87 या प्रमाणात साडेपाच फुटांचा माणूस 19 मिलिमीटरचा होतो. वीस फुटी कंटेनर सात सेंटिमीटर, चाळीस फुटी चौदा. मॉडेल रेल्वेवाले या प्रमाणाला ‘एचओ’ म्हणतात आणि त्यातला तयार रूळ 16.5 मिलिमीटर रुंद मिळतो. युरोप-अमेरिकेतल्या 1435 मिलिमीटरच्या रुळांसाठी हा हिशोब चोख आहे. आपला ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरचा, त्याला 19च्या वर पाहिजे. त्यामुळं तयार रूळ वापरला की भारतीय गाडी पाय जवळ घेऊन उभी राहते. याला कुणी खोटं म्हणत नाही. मॉडेल म्हटलं की काहीतरी सुटणारच. पण काय सुटलेलं चालतं, आणि काय सुटलं की ते खोटं होतं?

मी उमरीत राहतो. मुदखेडहून धर्माबाद, निजामाबादकडं जाणारी लाइन गावातून जाते. गावाचं स्टेशन करता आलं असतं, पण मी घेतलं कंटेनर टर्मिनल. न्हावा शेवाच्या यार्डाचे व्हिडिओ बघून, सहा बाय दोन फुटांच्या प्लायवर. कारण अगदी साधं: सगळं चौकोनी. कंटेनर म्हणजे पुठ्ठ्याचा डबा, त्यावर प्रिंट काढून चिकटवायचा. भारतात अशा गाडीला 45 वाघिणी असतात, त्यावर वीस फुटी 90 डबे. ही आख्खी गाडी माझ्या प्रमाणात जवळपास आठ मीटर होते. खोली तेवढी लांब नाही, म्हणून पाच वाघिणींचा एक जोड केला. उरलेल्या चाळीस सुटल्या. हेही चालतं.

अडलं ते माणसांपाशी. मालधक्क्याचं मॉडेल असतं तर निम्मा वेळ माणसं करण्यातच गेला असता. वाघिणीच्या दाराला लावलेली फळी, डोक्यावर टॉवेलची चुंबळ, पाठीवर 50 किलोचं पोतं, हातात आकडा, थप्पी मोजणारा मुकादम, चहाची किटली घेऊन फिरणारं पोरगं. टर्मिनलमध्ये यातलं काही नाही. रुळांवरून सरकणारी गॅन्ट्री क्रेन, दोन रिचस्टॅकर, हेल्मेटवाले तीन-चार जण. व्हिडिओ थांबवून थांबवून मोजले तरी तेवढेच. मीही तेवढेच ठेवले. मॉडेल एकदम खरं दिसत होतं आणि मला ते बघवत नव्हतं.

गैरसमज नको. हमालीचं कौतुक करणाऱ्यांतला मी नाही. घामाचं सौंदर्य वगैरे लिहिणाऱ्याला दुपारी दोन वाजता मे महिन्यात उमरीत एक ट्रक खाली करायला लावावा, मग बोलू. माणसाच्या मणक्यानं जे सोसू नये ते क्रेन उचलत असेल तर ती क्रेन मला पटते. एप्रिल 1956मध्ये माल्कम मॅक्लीननं नेवार्क बंदरातून 58 कंटेनर घेऊन ‘आयडियल एक्स’ हे जहाज ह्यूस्टनला पाठवलं. सुटा माल चढवायला तेव्हा टनामागं 5 डॉलर 86 सेंट पडत, कंटेनरनं ते 16 सेंटवर आले, असा आकडा नेहमी दिला जातो. मधले पावणेसहा डॉलर कुणाच्या तरी मजुरीचे होते, हे त्या आकड्यात दिसत नाही. महाराष्ट्रात याच मजुरीसाठी अण्णासाहेब पाटील लढले आणि 1969मध्ये माथाडी कायदा झाला. माथ्यावर ओझं वाहतो तो माथाडी. ओझ्याचं नाव कायद्यात आलं, हे मला आजही भारी वाटतं.

तर पाठ सुटली हे चांगलं, मजुरी गेली हे वाईट, आणि प्रगतीची हीच किंमत असते. इथपर्यंतचा वाद कॉलेजातही होतो. पण या वादात दोन्ही बाजूंनी एक गोष्ट धरून चाललेली असते, की हमाल नाहीसा झाला. क्रेन डबा उचलते, बरोबर. डब्यात पोती कोण भरतं? कुठल्या तरी गोदामाच्या दारात, फळी लावून, पुन्हा 50-50 किलोची पोती पाठीवर घेऊन माणसंच भरतात. सील लागतं, आणि पुढचा सगळा प्रवास स्वच्छ. टर्मिनलच्या गेटबाहेर ट्रेलरची रांग असते. ड्रायव्हर तिथंच ट्रेलरच्या सावलीत स्टोव्ह पेटवतो, दोन चाकांच्या मध्ये झोपतो. तोही व्हिडिओत नसतो, कारण कॅमेरा भिंतीच्या आत असतो.

माझा प्लायही नेमका त्या भिंतीपाशी संपत होता. ती रेष मीच पेन्सिलनं मारली होती, जागेच्या हिशोबानं. पण जागेचा हिशोब आणि मालकाचा हिशोब एकाच रेषेवर येत असतील तर तो नुसता योगायोग कसा म्हणायचा? रूळ अरुंद असला तर कुणाचं काही जात नाही. चाळीस वाघिणी कमी असल्या तरी उरलेल्या पाचांवरून बघणाऱ्याला त्या कळतात. पण गेटच्या आतल्या चार माणसांवरून बाहेरची माणसं कळत नाहीत. उलट ती नसतीलच असं वाटतं. जे सुटल्यामुळं बघणाऱ्याला सुटल्याची शंकासुद्धा येत नाही, ते मी खोटं धरतो.

मित्र म्हणतो, मग शेतकरी दाखव, जिनिंग दाखव, डबा जिथं उघडतो तो देशही दाखव. कुठं थांबणार? त्याचं म्हणणं बिनतोड आहे आणि मला ते पुसता येत नाही. मी फक्त एवढंच म्हणतो की, ज्याचा हात त्या डब्याला लागतो तो तरी बोर्डावर यावा.

माणसं मिळवणं हे वेगळंच प्रकरण. जर्मनीची प्रायझर कंपनी एचओमध्ये हवी तशी माणसं विकते: प्रवासी, स्टेशनमास्तर, पाहिजे तर नवरा-नवरीसुद्धा. लुंगीवर स्टोव्हपुढं बसलेला ट्रेलर ड्रायव्हर माझ्या तरी बघण्यात आला नाही. मी बारीक तारेवर एम-सील लावून करतो. 19 मिलिमीटरच्या माणसाला चेहरा देता येत नाही, पण पाठ देता येते. वाकलेली की सरळ, एवढं लांबूनही कळतं.

गेटबाहेर आता फूटभर प्लाय जोडलाय, त्यावर अकरा ट्रेलर. गोदामाला खोलीत जागाच निघाली नाही, ते दाराबाहेर व्हरांड्यात गेलं. तिथवर रूळ पोचत नाही. एक पुठ्ठा, त्यावर दार उघडं ठेवलेला कंटेनर, फळी, आणि सहा माणसं. सातवा अजून वाळतोय.