“दादा, पण कुठे चुकलं?”

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७.

एकवीस अंक. ‘लीलावती’त भास्कराचार्यांनी दिलेली स्थानांची नावं परार्धापर्यंत, म्हणजे अठरा अंकांपर्यंत पुरतात. ही त्यापलीकडची. दोनाचा सदुसष्टावा घात काढून त्यातून एक वजा केला की मिळते.

ही मूळ संख्या आहे, असं मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ साली छापलं. १८७६मध्ये एदुआर ल्युका म्हणाला, नाही. मग अवयव कोणते? ते त्याने दिले नाहीत. त्याच्या कसोटीला ते लागतच नव्हते. खून झालाय हे नक्की, खुनी बेपत्ता!

इथे मला माझी मामेबहीण आठवली. सातवीत आहे. तिची गणितं मी तपासतो, म्हणजे पुस्तकाच्या मागच्या पानावरचं उत्तर बघून ‘चूक’ म्हणतो. परवा तिने विचारलं, “दादा, पण कुठे चुकलं?” मी म्हणालो, “तूच शोध.” मलाही माहीत नव्हतं. मी खोटं बोललो नव्हतो, तरी तिचा चेहरा पडला. खरं सांगून टाकलं की आपलं काम संपतं का?

ल्युकाशी माझी तुलना म्हणजे त्याच्यावर अन्यायच. त्याच्याकडे स्वतःची कसोटी होती, माझ्याकडे फक्त मागचं पान.

३१ ऑक्टोबर १९०३. न्यूयॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची बैठक. ई. टी. बेल यांनी सांगितलेली गोष्ट अशी, की फ्रँक नेल्सन कोल उठले, एक शब्द न बोलता फळ्यावर आधी दोनाचा घात काढून एक वजा केला, मग शेजारी हा गुणाकार मांडला: १९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७. दोन्ही उत्तरं एकच. टाळ्या. किती वेळ लागला, असं पुढे बेलनी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं: तीन वर्षांचे रविवार. (बेल गोष्टींना मीठमसाला लावत, पण अवयव खरे आहेत.)

आज संगणक हे क्षणात करतो, मग ते रविवार फुकट गेले का? हा प्रश्न मला फारसा छळत नाही. निकाल तर ल्युकाने आधीच दिला होता. पण ल्युकाचं पटायला त्याचं गणित यावं लागतं. कोलचं पटायला पाढे पुरतात.

म्हणून रविवारी आम्ही दोघं बसलो. फोनचा कॅल्क्युलेटर १.४७५७… असं काहीतरी दाखवून मोकळा झाला. एक वजा केला काय नि नाही काय, त्याला सारखंच. मग चौकटीची वही काढली. सातची ओळ तीनदा येते, तेवढीच मेहनत वाचली. दीड तासाने शेवटचे ९२७ बरोबर आले, मधले अंक मात्र भलतेच.

“चुकलं,” मी म्हणालो.

तिने वही ओढून घेतली. बराच वेळ एकेका ओळीवरून बोट फिरवत राहिली. शून्यासाठी मी घर सोडलंच नव्हतं.

“इथे,” ती म्हणाली.