बुरूज का पडला?

शास्त्रपाठ : लूक 13:1-5



बेळगावजवळ सांबरा येथे वायुसेनेच्या जवानांचे प्रशिक्षण केंद्र आहे. मुलगा तेथून गणवेष घालून बाहेर पडतो तेव्हा आईबापांना एकच भीती असते, ती लढाईची. पण जवानाला मरण केवळ रणांगणावरच गाठते असे नाही.

7 फेब्रुवारी 1968 रोजी वायुसेनेचे एक अँटोनोव्ह-12 विमान 102 जणांना घेऊन चंदीगडहून लेहकडे निघाले. युद्ध चालू नव्हते. हवा बिघडल्यामुळे विमान परत फिरले, आणि रोहतांग खिंडीच्या परिसरात नाहीसे झाले. 2003 साली गिर्यारोहकांना हिमनदीवर त्याचे अवशेष दिसले. सप्टेंबर 2024 अखेर आणखी चार देह हाती आले. त्यांत वायुसेनेचा एक तरुण होता. दुसरा केरळचा, लष्करातला, ख्रिस्ती, अवघ्या बावीस वर्षांचा. 56 वर्षांनी त्याच्या गावच्या मंडळीने त्याला मूठमाती दिली. त्याची वाट पाहणारे आईबाप तोवर निघून गेले होते.

अशा वेळी आपल्या तोंडून पहिला शब्द निघतो, “का?” आणि दुसऱ्याच क्षणी आपणच उत्तर देऊ लागतो. कोणी म्हणतो, घरात काही पाप असेल. कोणी म्हणतो, देवाला चांगलीच माणसे हवी असतात. हे ऐकून त्या आईला काय वाटत असेल?

शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे दगावली. यरुशलेमेतही लोकांजवळ उत्तर तयारच होते. परंतु प्रभू येशूने ते साफ नाकारले. ती माणसे इतरांहून अधिक अपराधी नव्हती, असे तो म्हणाला. अपघात हा देवाने दिलेला निकाल नव्हे. मंडळीने ही गोष्ट मनावर कोरून ठेवावी.

याचा अर्थ कोणी जबाबदारच नसतो असाही नाही. बुरूज माणसांनी बांधलेला असतो, यंत्र माणसांनी तपासलेले असते. जेथे हयगय झाली असेल तेथे चौकशी व्हावी. “देवाची इच्छा” या पवित्र शब्दांखाली माणसाची चूक झाकणे हे देवाचे नाव व्यर्थ घेणेच होय.

मग प्रभूने काय केले? त्याने बोट मृतांकडून जिवंतांकडे वळवले : तुम्ही पश्चात्ताप करा. प्रियजनहो, आपला पश्चात्ताप कोठून सुरू व्हावा? आपल्या उतावळ्या जिभेपासून. ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्याने बसले. तेवढ्यापुरते ते खरे मित्र होते. तोंड उघडले तेव्हा ते चुकले. लाजराच्या कबरेशी प्रभूही आधी रडला. सलामी देऊन तुकडी परत जाते, हार सुकतात, येणारे-जाणारे थांबतात. दहाव्या महिन्यात त्या दारात कोण उभे राहते? मुलाचे नाव त्या घरात मोठ्याने कोण उच्चारते? मंडळीची परीक्षा तेथे आहे.

आणि आपली आशा? चिमणी जमिनीवर पडतच नाही, असे प्रभूने कधी सांगितले नाही. पित्याच्या नजरेबाहेर ती पडत नाही, एवढे त्याने सांगितले. 56 वर्षे जो देह बर्फात होता, तो आईला ठाऊक नव्हता, सरकारला ठाऊक नव्हता; पित्याला ठाऊक होता. त्या विमानातले बहुतेक जण आजही सापडलेले नाहीत. त्यांच्या घरच्यांना कबर नाही, राख नाही. तरी आपले पुनरुत्थान देह सापडण्यावर अवलंबून नाही. समुद्र आपल्यातील मृतांस परत देईल, असे योहानाला दिसले. जो समुद्राकडून मागून घेतो तो हिमनदीकडूनही घेईल.

तोवर आपण उत्तरे देणे थांबवू या, आणि त्या घराची पायरी चढू या. प्रभू आपणांस तसे करण्यास साहाय्य करो. आमेन.