उलटलेली मालमोटार व रंगाखालचें सत्य

बारामती व इंदापूर या तालुक्यांत नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी खेळूं लागल्यापासून ऊस हें तेथील पुष्कळ घरांचें मुख्य पीक होऊन बसलें आहे. १९३० च्या दशकांत वालचंदनगर येथें साखरेचा कारखाना निघाला. स्वातंत्र्यानंतर माळेगांव, सोमेश्वरनगर व भवानीनगर येथें सहकारी कारखाने उभे राहिले. दिवाळीच्या आगेमागें गळिताचा हंगाम सुरू झाला कीं, फडापासून काट्यापर्यंत मालमोटारी, ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या व बैलगाड्या यांची रीघ लागते. या वाहनांचा प्रवास डांबरी सडकेवर सुरू होत नाहीं. तो शेतांतच सुरू होतो. भिजलेली काळी जमीन, अरुंद पाणंद, चारीवरची कच्ची मोरी व कालव्याचा भराव इतक्या संकटांतून निघाल्यावर मग सडक लागते. अशा वाटेवर भरलेली मोटार कलंडणें ही कांहीं अपूर्व गोष्ट नव्हे. ती कशी उचलावी हें सांगणारे पुष्कळ भेटतात. ती पुन्हां उभी केल्यावर आपलें कर्तव्य काय, याचा विचार मात्र फारसा होत नाहीं. तोच आज आम्ही आमच्या वाचकांपुढें मांडीत आहों.

प्रथम मोटार उलटते कां तें पाहूं. वाहतुकीचें भाडें टनावर ठरतें, म्हणून प्रत्येक खेपेस चार मोळ्या अधिक चढविण्याचा मोह होतो. भार जितका उंच जाईल तितका वाहनाचा गुरुत्वमध्य वर चढतो, आणि दोन बाजूंच्या चाकांमधील अंतर तर तेवढेंच राहतें. मग थोड्याशा कलानेंहि वजन चाकांबाहेर पडतें व मोटार आडवी होते. वळणावर तर याहून कठीण. वेग दुप्पट केला असतां बाहेर लोटणारा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. हें ड्रायव्हरला ठाऊक नसतें असें नाहीं; पण खेपांची संख्या त्याच्या पोटाशीं बांधलेली असते. ऊस लवकर नेण्याची घाई करणारा बागाईतदार, अधिक भर मागणारा मालक व तो भर रचणारी टोळी या सर्वांचा हात त्या अपघातास लागलेला असतो. दोष मात्र एकट्या ड्रायव्हरच्या माथीं मारला जातो.

मोटार पडली म्हणजे प्रथम माणसें, मग माल, मग यंत्र, हा क्रम कोणीं मोडूं नये. जखमी मनुष्यास हात लावल्यास आपणच अडकूं, या भीतीस आतां आधार नाहीं. मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं झालेल्या दुरुस्तीनें सद्भावानें मदत करणाऱ्यास संरक्षण दिलें आहे. सांडलेला माल रस्त्यावर पडला म्हणून लोकांचा होत नाहीं. तो मालकाचाच राहतो. बॅटरीची तार सोडावी, डिझेलजवळ विडी पेटवूं नये, उरलेला ऊस उतरवून वाहन हलकें करावें. क्रेनचे पाय मऊ जमिनींत रुततात, म्हणून त्यांखालीं ओंडके द्यावे. उलट्या बाजूनेंहि दोर धरावा, नाहीं तर उठणारी मोटार तशीच पलीकडे कोसळते. ताणलेला तारेचा दोर तुटल्यास चाबकासारखा फिरतो, म्हणून बघ्यांनीं दूर राहावें. मोटार चाकांवर आली कीं लागलाच स्टार्टर मारून पाहण्याची घाई होते, व तीच नडते. आडव्या पडलेल्या इंजिनाच्या सिलिंडरांत ऑइल शिरलेलें असूं शकतें. वायु दाबला जातो, द्रव दाबला जात नाहीं, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. जाणता मिस्त्री आधीं नोझल काढून इंजिन हातानें फिरवितो, व मगच तें सुरू करतो.

दुरुस्तीचेंहि तसेंच आहे. केबिनचा पत्रा ठोकून, खळग्यांत लांबी भरून, वर रंग दिला म्हणजे मोटार नव्यासारखी दिसते. परंतु पत्रा हा तिचा अंगरखा. चासी ही तिची पाठ. चासीच्या एका कोपऱ्यापासून तिरप्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी धरून मोजावी, मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांची मोजावी. मापें जुळलीं नाहींत तर चौकट तिरपी झाली असें समजावें. तापवून ठोकलेलें पोलाद पूर्वीइतकें कणखर राहीलच असें नाहीं. आक्सल, पाटे, स्टिअरिंगचे सांधे व ब्रेकच्या नळ्या एकेक उघडून पाहाव्या लागतात. हें सर्व प्रामाणिकपणें केलें तर उलटलेली मोटार पुढें वर्षानुवर्षें चालते. न केलें तरीहि ती कांहीं दिवस चालते. आणि येथेंच आमचा प्रश्न उभा राहतो. विम्याच्या रिवाजाप्रमाणें दुरुस्तीचा खर्च विमा उतरलेल्या किंमतीच्या शेंकडा ७५ हून अधिक होत असल्यास मोटार संपूर्ण गेली असें धरतात. पण अशी गेलेली मोटार भंगारांतच जाते असें नाहीं. कोणी ती घेतो, उभी करतो, रंगवितो व विकतो. ती एकदां उलटली होती हें त्यानें घेणारास सांगावें कीं नाहीं?

न सांगणारांच्या सबबी तीन. पहिली ही कीं, घेणारास डोळे आहेत. त्यानें आपला मिस्त्री आणून पाहावें. कायदाहि वरवर यांचीच बाजू घेतोसें वाटतें; १८७२ च्या करारांच्या कायद्याप्रमाणें नुसतें मौन म्हणजे कपट नव्हे. परंतु त्याच कलमांत असेंहि आहे कीं, जेथें बोलणें हें कर्तव्य असेल किंवा मौन हेंच बोलण्यासारखें असेल, तेथें तें कपट होतें. ताजा रंग म्हणजे मौन नव्हे; "मी धड आहे" असें तो घेणाराच्या तोंडावर बोलत असतो.

दुसरी सबब, फिटनेसचा दाखला मिळाला आहे. मालवाहू मोटारीस तो पहिल्या आठ वर्षांत दर दोन वर्षांनीं व पुढें दरवर्षीं घ्यावा लागतो, व तो घेणें योग्यच आहे. पण तपासणारानें त्या दिवशीं जें पाहिलें त्याचीच साक्ष दाखला देतो. मालकाच्या मनास जें ठाऊक आहे त्याची साक्ष देणारा मालकावांचून दुसरा कोण?

तिसरी सबब खरोखर विचार करावयास लावणारी आहे. एकाच मोटारीवर ज्याचें घर चालतें, जिच्या कर्जाचे हप्ते अजून फिटले नाहींत, त्या गरीबानें खरें सांगून भाव पाडून घ्यावा काय? आम्ही त्याचें दुःख हलकें मानीत नाहीं. परंतु मुकाट्यानें विकल्यानें त्याचें नुकसान नाहींसें होत नाहीं. तें दुसऱ्याच्या खांद्यावर जातें, व जातांना वाढतें. त्याच्या हातून पैसा गेला. पुढच्याच्या हातून प्राण जाण्याचा संभव असतो. शिवाय ती मोटार बहुधा विकत घेणारा चालवीत नाहीं. त्याचा पगारी ड्रायव्हर चालवितो, आणि तिच्यावर ऊसतोड मजुरांचीं मुलेंबाळें बसतात. या व्यवहारांत त्यांस कोणीं कांहीं विचारलेलें नसतें. ज्यांनीं सौदा केला नाहीं त्यांच्या जिवावर आपली तूट भरून काढण्याचा अधिकार गरिबीनेंहि मिळत नाहीं.

तथापि त्या एकट्यास उपदेश करून आपण मोकळे झालों असें होत नाहीं. खरें बोलणें महाग पडावें अशी व्यवस्था ठेवून खरें बोलण्याचा आग्रह धरणें हा दांभिकपणा होय. शेजाऱ्यानें रुतलेली मोटार ओढून देतांना ट्रॅक्टरचें वाजवी भाडें घ्यावें, अडल्याची अडवणूक करूं नये. मिस्त्रीनें मजुरी हप्त्यांनीं घ्यावी, पण चासीचें माप खोटें सांगूं नये. बागाईतदारानें अधिक भराचा हट्ट सोडावा. आणि घेणारानें, जो खरें सांगतो त्याच्याच मानेवर सुरी ठेवून भाव पाडूं नये. कारण जिची प्रत्येक दुरुस्ती सांगितलेली आहे ती मोटार, जिच्याविषयीं कांहींच सांगितलें नाहीं तिच्यापेक्षां अधिक भरंवशाची असते.

कोणी विचारील, पडलेल्या मनुष्याचा जुना दोष उगाळूं नये म्हणतां, मग मोटारीचाच कां सांगावा? मनुष्य आंतून बदलूं शकतो. त्याचा गेलेला दोष बोलून दाखविल्यानें बदललेलें मनहि दुखावतें. यंत्रास मान नाहीं व अपमान नाहीं; त्याची चीर आपोआप भरून येत नाहीं, भाराखालीं ती वाढतच जाते. म्हणून मनुष्याची लाज झांकावी व यंत्राचें व्यंग उघडें करावें. आमच्या गांवांत मात्र पुष्कळदां उलटें घडतें. ड्रायव्हरच्या हातून एकदां मोटार गेली तर ती गोष्ट दहा गांवांत फिरते व त्यास काम मिळेनासें होतें. मोटारीचा दोष तेवढा रंगाखालीं झांकला जातो. हा क्रम आपण फिरवावा. चुकलेल्यास पुन्हां चाकावर बसूं द्यावें, आणि मोटार विकतांना किल्लीबरोबर तिची खरी हकीकतहि घेणाराच्या हातीं द्यावी.